स्वतःचा वाद्यवृंद उभारणारे डीन डिक्सन

ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वस्तीतल्या मैदानावरचा मंच येतो. रंगीत दिवे, ढोलकी, कीबोर्ड आणि माईक हातात घेतलेला गायक. युरोप-अमेरिकेतील शास्त्रीय संगीताचा ऑर्केस्ट्रा याहून वेगळा असतो. सत्तर-ऐंशी, कधी शंभर वादक ओळीने बसतात. व्हायोलिन, बासरी, तुताऱ्या, नगारे अशी वाद्ये असतात. प्रत्येकाच्या पुढे स्वरलिपीचे कागद असतात. आणि सर्वांसमोर चौथऱ्यावर, श्रोत्यांकडे पाठ करून, हातात बारीकशी काठी घेतलेला एक माणूस उभा असतो. तो स्वतः काहीच वाजवत नाही. पण लय किती ठेवायची, कोणी केव्हा सुरू करायचे, कोणाचा आवाज चढा आणि कोणाचा हलका, हे सारे त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर चालते. त्याला कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंद संचालक म्हणतात.

या चौथऱ्यावर काळ्या कातडीचा माणूस उभा राहावा आणि गोऱ्या वादकांनी त्याचा इशारा मानावा, ही गोष्ट अमेरिकेच्या गळी उतरत नव्हती. त्या काळात एका काळ्या तरुणाने संचालक होण्याचे मनात घेतले. त्यांचे नाव डीन डिक्सन.

आईची शिकवण

डीन यांचा जन्म १० जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील वेस्ट इंडीज बेटांवरून पोटापाण्यासाठी आलेले. योगायोग असा की, त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच शहरातील कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही काळ्या लोकांची मोठी वस्ती आहे. डीन तिथेच वाढले आणि पुढे १९३९ साली त्याच विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातून एम. ए. झाले.

संगीताची गोडी त्यांना आईने लावली. लहानग्या डीनला ती कार्नेगी हॉलमधील कार्यक्रमांना घेऊन जात असे. चौथे वर्ष पुरे होण्याआधीच त्याच्या हाती व्हायोलिन आले. घरची परिस्थिती बेताची, पण सरावात खाडा झालेला आईला चालत नसे. या शिस्तीच्या बळावर डीन यांना ज्युलिअर्ड या नामवंत संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला आणि १९३६ साली ते तिथून पदवीधर झाले.

दोघांपासून सत्तरांपर्यंत

पोहायचे तर पाण्यात उतरावे लागते, तसे संचालक व्हायचे तर समोर वादक लागतात. काळ्या विद्यार्थ्याच्या हाती आपला वाद्यवृंद कोण देणार? डीन यांनी वाट पाहिली नाही. १९३२ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, हार्लेममधील वाय. एम. सी. ए. च्या इमारतीत त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद सुरू केला. सुरुवातीला एक व्हायोलिन आणि एक पियानो, एवढाच सरंजाम! खर्चासाठी डीन जेवणाचे पैसे वाचवत, शिकवण्यांची कमाई त्यात घालत. हळूहळू वादक सत्तरच्या घरात गेले. त्यात लहान होते, म्हातारे होते, काळे होते, गोरेही होते.

हार्लेममधील महिलांनी या वाद्यवृंदाच्या मदतीसाठी मंडळ स्थापन केले. त्यांच्या खटपटीने १९४१ साली हेक्शर थिएटरमध्ये कार्यक्रम झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट त्याला हजर होत्या. एन. बी. सी. या नभोवाणी कंपनीच्या संगीत प्रमुखांनीही ते संचालन पाहिले आणि कंपनीच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम डीन यांना दिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या जुन्या, मानाच्या वाद्यवृंदापुढे ते उभे राहिले. हा मान मिळवणारे ते पहिले काळे संचालक. वय होते सव्वीस वर्षे!

टाळ्या मिळाल्या, नोकरी नाही

आता या माणसाचे नशीब उघडले, असे कोणालाही वाटेल. घडले मात्र उलटेच. फिलाडेल्फिया, बॉस्टन येथील वाद्यवृंदांनी पाहुणा म्हणून बोलावले. टाळ्या वाजल्या. पण कायमची नेमणूक द्यायला एकही वाद्यवृंद तयार झाला नाही. पाहुणा चालतो, घरचा मालक चालत नाही, असा तो प्रकार.

डीन यांनी पुन्हा कंबर कसली. १९४४ साली अमेरिकन युथ ऑर्केस्ट्रा हा तरुणांचा वाद्यवृंद काढला. लहान मुलांना हे संगीत समजावे म्हणून खास कार्यक्रम केले. अमेरिकन संगीतकारांच्या रचना सादर केल्याबद्दल १९४८ साली त्यांना डिटसन पुरस्कार मिळाला. पण वाद्यवृंद चालवायचा म्हणजे सभागृहाचे भाडे, सरावाची जागा, वादकांचे मानधन, स्वरलिपींचा खर्च. मोठ्या वाद्यवृंदांच्या पाठीशी धनिकांच्या देणग्या होत्या. डीन यांच्या पाठीशी त्यांची मेहनत आणि गरीब वस्तीची माया. तेवढ्यावर संसार चालत नाही. १९४९ साली फ्रान्सच्या नभोवाणी वाद्यवृंदाचे बोलावणे आले आणि त्यांनी मायभूमी सोडली.

परदेशात मिळालेला मान

त्यानंतर स्वीडनमधील गोथेनबर्गच्या वाद्यवृंदाने त्यांना प्रमुख संचालक नेमले. १९५३ ते १९६० ते तिथे होते. १९६१ ते १९७४ ही वर्षे ते जर्मनीत फ्रँकफर्ट नभोवाणीच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. याच काळात, १९६४ ते १९६७, ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या वाद्यवृंदाची धुराही त्यांनी वाहिली. विचार करा, वंशश्रेष्ठतेच्या नावाखाली ज्या जर्मनीत लाखो माणसे मारली गेली, त्या देशात हिटलरनंतर सोळा वर्षांनी एका काळ्या माणसाला ही जागा मिळाली. जन्मभूमीत मात्र मिळाली नाही.

आपल्या आयुष्याचे तीन टप्पे डीन सांगत असत. आधी लोक त्यांना काळा अमेरिकन संचालक म्हणत, नंतर अमेरिकन संचालक आणि शेवटी नुसतेच संचालक. हे शेवटचे नुसतेपण मिळवण्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला.

१९७० साली, एकवीस वर्षांनी, ते पाहुणे म्हणून अमेरिकेत परतले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उघड्या आकाशाखाली हजारो लोकांनी त्यांचे संगीत ऐकले. तोवर काळ बदलू लागला होता. १९६८ सालीच हेन्री लुईस हे काळे संचालक न्यू जर्सीच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले होते. डीन यांना मात्र अमेरिकेत तशी जागा मिळालीच नाही. ३ नोव्हेंबर १९७६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

गुण असला की जग आपोआप वाट देते, असे आपण मुलांना सांगतो. डीन यांच्या चरित्रावरून ते पुरते खरे वाटत नाही. गुण होता, पदव्या होत्या, कष्ट होते, तरी दार बंद राहिले. पण सतराव्या वर्षी दोन वाद्यांवर त्यांनी वाद्यवृंद उभा केला नसता, तर कदाचित ते कंडक्टर झालेच नसते आणि परदेशाचे बोलावणेही आले नसते. आणि हार्लेमच्या महिलांनी तो कार्यक्रम घडवला नसता, तर त्यांची कला मोठ्या लोकांच्या कानी पडली असती का?

आपल्या वस्तीतही एखादे पोर डब्यावर ठेका धरत असेल, कोणी जुनी पेटी घेऊन बसत असेल. त्याला गप्प करण्याआधी क्षणभर ऐका. चार घरांनी मिळून एक वाद्य घेता येते, समाजमंदिराची खोली सरावाला देता येते. हार्लेममध्ये सुरुवात एवढ्यानेच झाली होती.