खबर कुठे अडते?

"ही बॅग कोणाची गं?"

आमच्या लेडीज डब्यात मावशींनी विचारलं तेव्हा गाडी भरधाव होती. रॅकवर काळी बॅग, पट्टा खाली लोंबणारा. एकेकीने मान हलवली. पाच मिनिटांपूर्वी पाय ठेवायला जागा नसलेल्या त्या डब्यात रॅकखालची जागा हळूहळू रिकामी झाली. दाराजवळ मी होते, म्हणून पुढच्या स्टेशनवर उतरून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

फलाटावर गणवेशातले दोघे भेटले. एकाने दुसरीकडे बोट दाखवलं. दुसऱ्याने विचारलं, "डब्याचा नंबर काय?" मला सांगता येईना. तेवढ्यात गाडी सुटली. डब्यात मावशी होत्या, शेजारच्या इमारतीतली मुलगी होती, आमचा अख्खा ग्रुप होता. संध्याकाळी भेटल्यावर कळलं, सगळ्याजणी सुखरूप पोचल्या होत्या. बॅग बघायला मात्र शेवटपर्यंत कोणी आलं नव्हतं. ती कोणाची होती आणि कोणी नेली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ते दोघे कोणत्या खात्याचे होते, हेही नाही.

टिटवाळा ते सीएसएमटी हा प्रवास मी २६ वर्षं केला. आता निवृत्त आहे. त्या सकाळनंतर मी एकच प्रश्न धरून बसले: प्रवाशाला दिसलेली गोष्ट, ज्याला काही करता येईल त्याच्यापर्यंत पोचायला किती हात लागतात?

बरेच लागतात. स्टेशनवर दिसणारे लोहमार्ग पोलीस राज्य सरकारचे. चोरी, मारहाण, विनयभंग असे गुन्हे तेच नोंदवतात. रेल्वे सुरक्षा दल म्हणजे आरपीएफ केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाचं. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की शहर पोलिसांची हद्द, आणि तीही मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशी बदलत जाते. मध्य आणि पश्चिम या दोन वेगळ्या रेल्वे. बेस्टची बस वेगळी, मेट्रोची सुरक्षा वेगळी. प्रत्येकाचं काम नेमून दिलेलं आहे आणि माणसं मेहनती आहेत. पण रोज ७० लाखांहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या लोकलमध्ये संशयित वस्तू कोणाची हद्द विचारत नाही. ती गाडीबरोबर हद्दी ओलांडत जाते.

११ जुलै २००६ ची संध्याकाळ. मी दादरला मध्य रेल्वेच्या फलाटावर उभी होते. पश्चिम रेल्वेवर माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड या पट्ट्यात ११ मिनिटांत सात स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. दादरला दोन्ही रेल्वे पुलांनी जोडलेल्या आहेत. त्या पुलांवरून लोक पळत आमच्या बाजूला आले तेव्हा आम्हाला काहीतरी घडल्याचं कळलं. कोणी म्हणे शॉर्टसर्किट, कोणी म्हणे गाडी घसरली. मोबाइल लागत नव्हते. पुढच्या गाडीत चढावं की नाही, हे ठरवायला माझ्याकडे एकही खात्रीचं वाक्य नव्हतं.

खात्रीचं एक वाक्य काय करू शकतं, हे दोन वर्षांनी दिसलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसएमटीत दोन अतिरेकी गोळीबार करत असताना उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून ते पाहिलं आणि माइक सोडला नाही. स्टेशनबाहेर पडा, असं ते प्रवाशांना सांगत राहिले. त्या रात्री तिथे पन्नासहून अधिक लोक मारले गेले. पण तो आवाज ऐकून किती तरी जण बाहेर पडले. झेंडे यांच्याजवळ शस्त्र नव्हतं. त्यांना धोका दिसत होता, हातात माइक होता आणि दोहोंच्या मध्ये परवानगी मागायची पायरी नव्हती. मला वाटतं, सुरक्षेचा सगळा धडा एवढ्यात आला.

जिथे खरी माहिती पोचत नाही, तिथे अफवा पोचते. २९ सप्टेंबर २०१७ ला भर पावसात एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. कोणीतरी 'फूल गिर गया' म्हटलं आणि गर्दीने 'पूल गिर गया' ऐकलं, असं वाचलेल्या प्रवाशांकडून पुढे आलं. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची ओरड झाली. घाबरलेले प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. १२ जण तरी गेले. या दोन्ही ठिकाणी ना बॉम्ब होता, ना अतिरेकी. एका खऱ्या, मोठ्या आवाजातल्या सूचनेची उणीव होती.

ही अडचण आपल्याच देशात आहे असंही नाही. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला गेला. एक गाडी त्यानंतरही तासाहून अधिक वेळ धावत राहिली. शेवटच्या स्टेशनवरून ती उलटी फिरली, नवे प्रवासी चढत राहिले. एका स्टेशनवर कळलेलं पुढच्या स्टेशनवर नीट पोचलंच नव्हतं. लंडनमध्ये ७ जुलै २००५ ला चार बॉम्बस्फोटांत ५२ जण गेले, तेव्हाही सुरुवातीला विजेचा बिघाड समजला गेला. लंडनने पुढे एक साधी गोष्ट केली. प्रवाशाने ६१०१६ या एकाच क्रमांकावर संदेश पाठवायचा. तो थेट रेल्वे पोलिसांकडे जातो, बोलायची गरज पडत नाही. बघा, सांगा, बाकीचं आम्ही निस्तरतो, अशा अर्थाची घोषणा २०१६ पासून तिथे गाड्यांत सतत ऐकू येते. 'बाकीचं आम्ही निस्तरतो' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. सांगणाऱ्याला त्यातून वचन मिळतं.

आपल्याकडे काहीच झालं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. वरच्या पातळीवर गुप्तचर यंत्रणांची माहिती एकत्र करणारं मल्टी एजन्सी सेंटर २६/११ नंतर बळकट केलं गेलं. रेल्वेच्या वेगवेगळ्या हेल्पलाइन एकत्र आणून १३९ हा एक क्रमांक झाला. २०२१ मध्ये सुरक्षेचा जुना १८२ ही त्यातच आला. लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आहे, सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ आहे. महिलांच्या अनेक डब्यांत कॅमेरे आले, काहींत गार्डशी बोलायची सोय आली.

उरलं आहे ते मधलं अंतर. दिल्लीतून आलेला इशारा फलाटावरच्या होमगार्डपर्यंत त्याला समजेल अशा भाषेत यायला हवा. 'सतर्क राहा' एवढं सांगून भागत नाही. काय शोधायचं, कुठे शोधायचं आणि दिसलं तर पहिला फोन कोणाला करायचा, हे त्याला कळलं पाहिजे. ज्या गणवेशाला प्रवासी पहिल्यांदा गाठेल, त्यानेच निरोप पुढे पोचवायचा, हा नियम हवा. 'तिकडे सांगा' हे उत्तर बंद व्हायला हवं. उद्घोषकाला तातडीच्या वेळी स्वतःहून बोलायचा अधिकार आणि त्याचा सराव हवा. आणि ज्याने खबर दिली, त्याला उत्तर मिळायला हवं: बॅग तपासली, धोका नव्हता, धन्यवाद. एवढा संदेश आला असता तर मी दुसऱ्या वेळी दुप्पट विश्वासाने धावले असते. उत्तर न मिळालेला माणूस तिसऱ्या वेळी गप्प बसतो.

आपल्या बाजूचं कामही आहे. लोकलच्या डब्यावर बाहेर आणि आत क्रमांक रंगवलेला असतो. बसल्यावर एकदा वाचा. रुळांशेजारच्या विजेच्या खांबांवरही आकडे असतात. गाडी मध्येच थांबली असेल तर त्यांवरून नेमकी जागा सांगता येते. बेवारस वस्तूला हात लावू नका, शेजारच्यांना शांतपणे दूर करा. फोनवर चार गोष्टी सांगा: गाडी कोणती, डबा कितवा, पुढचं स्टेशन कोणतं, वस्तू कुठे ठेवली आहे. खात्री नसलेला मेसेज ग्रुपवर टाकू नका. एखाद्याचे कपडे, दाढी, भाषा किंवा आडनाव हा संशय नव्हे. संशय वस्तूवर आणि वागण्यावर घ्यायचा असतो, माणसाच्या जातीधर्मावर नाही.

त्या सकाळी मला डब्याचा नंबर सांगता आला नाही. तेव्हापासून गाडीत चढले की मी आधी तो वाचते, मग बसायला जागा बघते. १३९ आणि १५१२ हे दोन आकडे आजच मोबाइलमध्ये साठवा, आणि घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीच्याही.