स्प्रिंग आधी उतरवा

एडिसनचा जुना ‘स्टँडर्ड’ फोनोग्राफ हाती आला की पॉलिशचा डबा दूरच ठेवा. स्पिरिटने लाखेचा थर जातो, मग गेलेलं परत आणता येत नाही. मोटर खोलण्याआधी स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवायचा, नाहीतर बोटं जायची! घट्ट झालेलं ग्रीस काढा, ध्वनिपेटीतले कडक झालेले रबरी वायसर बदला; बरीचशी खरखर तिथलीच असते. गाण्याच्या नळकांड्याचा वेग मिनिटाला १६० फेरे. खरी मेख सुईत आहे; ती नळकांड्याच्या चरांना जुळायला हवी. दोन मिनिटांच्या मेणाच्या नळकांड्यावर इंचाला १०० चर, १९०८ मध्ये आलेल्या चार मिनिटांच्या अँबेरोल नळकांड्यावर २००. १९१२ च्या सेल्युलॉइडच्या ब्लू अँबेरोलसाठीची हिऱ्याची सुई मेणावर टेकवली, तर गाणं कायमचं खरवडलं जातं. मेणाला बुरशीही लागते, म्हणून बाहेरून हात न लावता नळकांडं आतून दोन बोटांनीच धरावं.