अवजड शेतीयंत्रे रस्त्याने नेताना घ्यावयाची दक्षता

सोयाबीन, गहू व भात यांच्या काढणीच्या दिवसांत कंबाइन हार्वेस्टर आता गावोगावी दिसू लागले आहेत. साखर कारखान्यांच्या क्षेत्रांत ऊसतोडणी यंत्रेही फिरत असतात. शेतात ही यंत्रे मोठ्या उपयोगाची खरी. परंतु एका शेतातून दुसऱ्या शेताकडे जाताना ती सर्वांच्या रस्त्यावर येतात. त्यांची रुंदी, उंची व वजन ही नेहमीच्या वाहनांहून वेगळी असल्यामुळे तेथे अपघाताचा संभव वाढतो. म्हणून या तिन्ही गोष्टींची मोजणी केल्यावाचून यंत्र रस्त्यावर आणू नये.

रुंदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये सामान्य मोटार वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. चौदा फुटी कटरबार सुमारे ४.३ मीटर भरतो, तर ग्रामसडक योजनेतील पुष्कळशा रस्त्यांचा डांबरी पट्टा केवळ ३.७५ मीटर असतो. म्हणजे कटरबारासह निघालेले यंत्र संपूर्ण रस्ता व्यापून बाजूपट्टीवरही येते. समोरून येणाऱ्या सायकलस्वारास मग जागाच उरत नाही. यास्तव कटरबार शेतातच उतरवून स्वतंत्र ट्रॉलीवर लांबीच्या दिशेने ठेवावा. पुढचे शेत जवळच आहे, ही सबब चालू देऊ नये.

उंची

रस्ता ओलांडणारी लघुदाबाची वीजवाहिनी जमिनीपासून किमान ५.८ मीटर व उच्चदाबाची ६.१ मीटर उंच असावी, असा दंडक आहे. रस्ता सोडून इतरत्र मात्र लघुदाबाच्या उघड्या तारांसाठी ही मर्यादा ४.६ मीटरच आहे. शिवाय झोळ पडलेल्या तारा त्याहूनही खाली आलेल्या असतात. म्हणून दाणे उतरविण्याची नळी मिटवून घ्यावी व यंत्राच्या टपावर कोणासही बसू देऊ नये. बांबूने तार उचलून यंत्र पुढे काढण्याची पद्धत प्राणघातक आहे. ओला बांबू विजेपासून संरक्षण देत नाही. अशा ठिकाणी वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद करून घ्यावा किंवा दुसरा मार्ग धरावा.

वजन

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते किती आसांवर विभागले आहे यास असते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ते-चाचण्यांवरून असे दिसून आले की, आसावरील भार वाढल्यास रस्त्याची हानी साधारणतः त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार एकपंचमांशाने वाढला तरी हानी जवळजवळ दुप्पट होते. याच कारणाने अतिअवजड वाहतुकीच्या ट्रेलरांना पुष्कळ आस व चाके असतात. रस्ता हळूहळू खचतो. जुनी मोरी मात्र एकाच फेरीत ढासळू शकते. यंत्राचे वजन नोंदणीपुस्तकातून घ्यावे, ट्रेलरचे त्यात मिळवावे आणि पुलावरील भारमर्यादेच्या फलकाशी ताडून पाहावे. फलक नसल्यास बांधकाम खात्याच्या अभियंत्यास विचारावे. पाण्याखाली गेलेल्या फरशीवरून यंत्र कदापि नेऊ नये.

परवानगी व दंड

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ मध्ये २०१९ साली सुधारणा झाली. तदनुसार भार वाहनाच्या बाजूस, पुढे, मागे वा उंचीत मर्यादेबाहेर गेल्यास २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. भार उतरविण्याचा खर्च निराळा. ही जबाबदारी चालकापुरती नसून, तसे वाहन चालविण्यास लावणाऱ्यावर व चालवू देणाऱ्यावरही येते. सक्षम अधिकाऱ्याने परवानगी देऊन सूट दिली असेल तर हा दंड लागू होत नाही. यासाठी भार सुटा करता येत नसेल तेव्हा प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आधीच चौकशी करावी.

निघण्यापूर्वी

१. ज्या मार्गाने जावयाचे तो आदल्या दिवशी पाहून घ्यावा. अरुंद मोऱ्या, तारा व खचलेल्या बाजूपट्ट्या टिपून ठेवाव्यात.

२. ट्रेलरवरील यंत्र चारही कोपऱ्यांना साखळ्यांनी जखडावे व चाकांना अडण्या लावाव्यात.

३. मागील दिवे व परावर्तक पुसून स्वच्छ करावेत. शक्यतो रात्री प्रवास करू नये.

४. वळणावर व अरुंद जागी पुढे एक माणूस पाठवून वाहतूक थांबवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी यंत्रमालक, चालक व शेतकरी यांना एकत्र बोलावून आपल्या शिवारातील धोक्याच्या जागांची यादी करावी आणि ती ग्रामपंचायतीत लावावी. बाहेरगावाहून आलेल्या चालकास या जागा ठाऊक नसतात. त्या त्यास दाखविणे हे यंत्र बोलाविणाऱ्या शेतकऱ्याचे कर्तव्य होय.