भूल फक्त हाताला

मालवण-देवगडाकडे आंब्याची काढणी सुरू झाली की झाडावरून पडलेली माणसं दवाखान्यात येऊ लागतात. कुणाचं मनगट मोडलेलं, कुणाचं कोपर निखळलेलं. हाड बसवताना भूल दोन तऱ्हांनी देता येते. माणसाला पूर्ण झोपवायचं, नाहीतर तेवढा हातच बधिर करायचा. या दुसऱ्या पद्धतीला डॉक्टर ‘ब्लॉक’ म्हणतात. मानेतून काखेकडे उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याभोवती ब्युपिव्हकेनसारखं औषध सोडलं की तंतूंमधले सोडियमचे मार्ग बंद होतात आणि वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोचतच नाही. रुग्ण जागा असतो, श्वास त्याचा तोच घेतो, आणि टाके घातल्यावरही कित्येक तास दुखत नाही. अतिदक्षता विभाग जिथून लांब आहे, अशा गावात याचं मोल फार मोठं आहे.

भुलीचं कमरेतलं इंजेक्शन इथे घरोघरी ठाऊक आहे. ऑगस्ट बीअर यांनी ते १८९८ साली जर्मनीत वापरलं, आज सिझेरियन बहुधा त्यावरच होतं. हाताच्या ब्लॉकला मात्र सर्जन कचरतात. कॅनडातल्या अस्थिशल्यचिकित्सकांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. नंतरचं दुखणं कमी होतं म्हणून त्यांना ब्लॉक हवा होता. वेळ जातो आणि तो लागेलच याची खात्री नाही, म्हणून नको होता.

आणखी एक शंका मला सर्वांत वजनदार वाटते. मोडलेल्या हातात आतून सूज चढली, तर वाढत जाणारी कळ हीच धोक्याची पहिली खूण असते, आणि बधिर हात ती लपवू शकतो. हाड बसवल्यावर बोटं हलतात का, हेही सर्जनला लगेच पाहायचं असतं. अशा रुग्णात ब्लॉक टाळणं किंवा कमी टिकणारं औषध निवडणं योग्यच.

वेळेचा हिशेब मात्र अर्धाच मांडला जातो. ब्लॉक चढायला वीस-तीस मिनिटं लागतात हे खरं. पण रुग्णाला शुद्धीवर आणण्यातली मिनिटं वाचतात, ती कुणी धरत नाही. मोठ्या रुग्णालयांत आधीची शस्त्रक्रिया चालू असतानाच शेजारच्या खोलीत पुढच्याला ब्लॉक देतात. त्यासाठी दुसरा भूलतज्ज्ञ लागतो. आपल्याकडे एकच भूलतज्ज्ञ कुडाळ, कणकवली, मालवण असा गाडीने फिरत असेल, तर दुसरा आणायचा कुठून?

खात्रीचा प्रश्न सोनोग्राफीने बराच सोडवला आहे. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूला यंत्र टेकवलं की तंतू द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात, शेजारची धमनी आणि फुप्फुसही दिसतं, सुई कुठे जाते ते डोळ्यांनी कळतं. पण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या २०१२ मधल्या नियमांनुसार, फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद सोडला तर, असं यंत्र नोंदणी झालेल्या जागेबाहेर वापरता येत नाही. कायदा गरजेचाच आहे. फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला मात्र यंत्र गाडीत घालून नेता येत नाही. प्रत्येक रुग्णालयाला स्वतःचं यंत्र घ्यावं आणि नोंदवावं लागतं.

तोवर सर्जनच्या हातात एक गोष्ट आहे, आणि तिला पैसा लागत नाही: भूलतज्ज्ञाला आदल्या संध्याकाळीच फोन करून रुग्णाची माहिती द्यायची आणि सकाळी अर्धा तास आधी बोलवायचं.