आधी एकं की आधी शतं?

मोठे स्थान आधी लिहावे की लहान, हा प्रश्न शाळेच्या पाटीवरच सुटलेला असल्यामुळे पुढे कोणी त्याचा विचार करीत नाही. परंतु 'एकशे पंचवीस' असे म्हणताना आपण प्रथम शंभर, मग एककाचे पाच आणि सरतेशेवटी दशकाचे वीस असा एक विलक्षण वळसा घेत असतो. आणि भूतसंख्यांनी शके नोंदविणारे आपले पूर्वज तर एककापासूनच आरंभ करून संख्या डावीकडे वाढवीत नेत. या तिन्ही रीती एकाच समाजात निर्वेधपणे नांदल्या, कारण त्या वेळी कोणती रीत चालू आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. संगणकाच्या स्मृतीत मात्र तसा दाखला कोठेच ठेवलेला नसतो, आणि सारा तंटा तेथूनच उद्भवतो.

स्मृतीतील एका बाइटमध्ये ० पासून २५५ पर्यंतचीच संख्या मावते. त्याहून मोठी संख्या ठेवावयाची तर ती दोन, चार किंवा आठ लगतच्या बाइटांत विभागावी लागते. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० या यंत्रमालिकेत वजनदार बाइट आधी ठेवण्याचा पायंडा होता. उलट रीतीचा उगम काहीसा गमतीचा आहे. १९७० च्या डेटापॉइंट २२०० या यंत्राचा प्रोसेसर एका वेळी एकच बिट हाताळी, आणि बेरजेतील हातचा लहान स्थानाकडून मोठ्याकडे जात असल्यामुळे लहान भाग आधी हाती येणे त्याला सोयीचे होते. त्याच यंत्रासाठी इंटेलकडे मागितलेली चिप त्यात कधी बसलीच नाही. ती १९७२ मध्ये ८००८ या नावाने स्वतंत्रपणे बाजारात आली, तिला आठही बिट एकदम हाताळता येत असल्याने जुन्या सोयीची गरज उरली नव्हती, तरीही तो क्रम तिच्याकडे आणि तिच्या वंशजांकडे वतनासारखा चालत आला. पीडीपी-११ या यंत्रावर बत्तीस बिटांची संख्या ठेवताना तर हुबेहूब आपल्या 'एकशे पंचवीस'ची तऱ्हा होती : दोन अर्धांपैकी मोठे अर्ध आधी, पण प्रत्येक अर्धात लहान बाइट आधी. त्या यंत्रावरून युनिक्स प्रणाली दुसरीकडे नेताना तिचे नाव 'न्युक्सी' असे उमटल्याची कथा प्रोग्रॅमर मंडळी अजून सांगतात; रोमन लिपीतील चार अक्षरांपैकी प्रत्येक जोडी उलटली, एवढाच त्याचा अर्थ.

या वादाला 'एंडियन' हे नाव दिले डॅनी कोहेन यांनी, १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या एका टिपणात. स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून दोन राज्ये लढतात, त्याच चालीवर त्यांनी दोन पक्षांचे नामकरण केले. तारीख थट्टेची असली तरी मजकूर गंभीर होता : कोणता क्रम स्वीकारला याहून सर्वांनी एकच स्वीकारला हे महत्त्वाचे, हवे तर नाणे उडवून ठरवा. इंटरनेटच्या नियमावलीने मोठा बाइट आधी हा क्रम कायम केला. टेबलावरची बहुतेक यंत्रे मात्र इंटेलच्या चालीने लहान बाइट आधी ठेवीत राहिली, आणि तहनामा अर्धाच राहिला.

आता हा प्रश्न संगणकभाषेने कसा हाताळावा? १९७५ च्या सुमारास एमआयटीत स्टील आणि ससमन यांनी घडविलेल्या स्कीम या भाषेचे उदाहरण मला विशेष बोधप्रद वाटते. तिच्यातील व्हेक्टर ही क्रमांकित खणांची ओळ; प्रत्येक खणात संख्या, अक्षर, दुसरा व्हेक्टर, काहीही बिनदिक्कत ठेवावे. ही मुभा महाग पडते, म्हणून मार्क फीली यांनी १९९९ मध्ये एकजिनसी संख्याव्हेक्टरांची तजवीज सुचविली : आठ ते चौसष्ट बिटांचे पूर्णांक, चिन्हासह आणि चिन्हाविना, शिवाय दोन तऱ्हांचे अपूर्णांक, असे एकूण दहा प्रकार. प्रोग्रॅमच्या आत हे व्हेक्टर उत्तम चालतात. परंतु तेच बाइट फाइलीत उतरवून परमुलखातल्या यंत्राकडे पाठविले, की आतला क्रम कोणता हे सांगण्यास कोणी जामीन राहत नाही.

२००७ च्या सहाव्या मानकाने वेगळी वाट धरली. त्यातील बाइटव्हेक्टर म्हणजे निव्वळ बाइटांची रांग. तिला स्वतःचा अर्थ नाही. दोन बाइट मिळून एक संख्या वाचावयाची तर कोठून वाचावी याबरोबरच कोणत्या क्रमाने वाचावी हेही प्रत्येक वेळी लिहून द्यावे लागते. समजा, रांगेत ९ आणि ४६ हे दोन बाइट आहेत. मोठा आधी असे सांगितले तर उत्तर येते २३५०, आणि युनिकोडच्या यादीत हा 'म' या अक्षराचा क्रमांक आहे. लहान आधी सांगितले तर त्याच बाइटांतून ११७८५ निघतात; त्या क्रमांकावर ग्रीक नव्या कराराच्या संशोधित आवृत्त्यांत, काही हस्तलिखितांत शब्दांची अदलाबदल झाली आहे असे दर्शविणारा कंस बसलेला आहे. योगायोग म्हणावा तो असा! यंत्राच्या अंगभूत क्रमाने वाचण्याच्या निराळ्या क्रियाही या मानकात आहेत, पण त्यांत 'आपण यंत्रावर विसंबलो' ही कबुली नावातच नोंदली जाते, आणि दोन बाइटांची संख्या सम स्थानावरूनच वाचावी लागते.

जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही रीती शेजारीशेजारी आहेत, पण तिचे टाइप्ड ॲरे यंत्राचा क्रम गुपचूप पत्करतात, आणि डेटाव्ह्यूला क्रम सांगावयाचा राहिला तर तो मोठा बाइट आधी धरून चालतो. विसरण्याची सवलत स्कीमचे सहावे मानक देत नाही, हे मला तिचे मोठे शहाणपण वाटते. २०१३ च्या लहान मानकाने बाइटव्हेक्टर ठेवला पण क्रमाची कलमे गाळली, एकेका बाइटापुरतीच वाचनाची सोय उरली. संक्षेपाच्या हव्यासाने केलेली ही काटछाट अनाठायी होती असे माझे मत आहे. पीएनजी चित्रात संख्या मोठा बाइट आधी ठेवून लिहिलेल्या असतात, बीएमपी चित्रात लहान आधी, आणि टिफ फाइल आपला क्रम पहिल्या दोन बाइटांतच जाहीर करते. तेव्हा फाइल वाचणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रथम तिचे विनिर्देश उघडून क्रम पाहावा, आणि वाचनाच्या प्रत्येक ओळीत तो स्वतःच्या हाताने लिहावा.