मौजेखातर चोरी

संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मनिवेदनात एका क्षुल्लक चोरीची कबुली दिली आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी सोबत्यांसह एका रात्री त्यांनी शेजारचे नाशपातीचे झाड झोडपले. पोटात भूक नव्हती, फळेही फारशी गोड नव्हती. तोडलेली बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. मग चोरी केली कशासाठी? जे करू नये ते करण्यातील आनंदासाठी. मी एकटा असतो तर हे केले नसते, असेही ते प्रांजळपणे सांगतात. सोळाशे वर्षांपूर्वीची ही कबुली आज आम्हांस आठवली, ती अमेरिकेतील मोटारचोऱ्यांचा वृत्तान्त वाचून.

त्या देशातील मिलवॉकी शहरात २०२० साली सुमारे साडेचार हजार मोटारी चोरीस गेल्या होत्या. २०२१ मध्ये हा आकडा दहा हजारांवर गेला. चोरीस गेलेल्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक किया व ह्युंदाई या दोन कंपन्यांच्या होत्या. त्या नेण्याची युक्ती पोरांनी हेरली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात तिच्या चित्रफिती टिकटॉकवरून देशभर पसरल्या आणि ‘किया चॅलेंज’ या नावाने चोरीचा खेळ झाला. मोटार पळवावी, बेफाम हाकावी, चित्रण करून मित्रांची वाहवा मिळवावी आणि गाडी कोठेतरी टाकून द्यावी, असा हा खेळ. विकून पैसा करण्याचा हेतू पुष्कळदा नसेच.

पण सारा दोष मुलांच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ‘इमोबिलायझर’ नावाची एक साधी योजना मोटारींत असते. किल्लीतील सूक्ष्म यंत्राची खूण पटल्याशिवाय ती इंजिन चालू होऊ देत नाही. कॅनडाने २००७ पासून ती सक्तीची केली. अमेरिकेच्या कायद्याने केली नाही. २०१५ सालच्या मोटारींची तुलना बोलकी आहे. त्या देशात इतर कंपन्यांच्या ९६ टक्के प्रकारांत ही योजना मुळातच बसविलेली होती, तर या दोन कंपन्यांच्या केवळ २६ टक्के प्रकारांत. कायदा मोडला नाही, हे खरे. परंतु कायद्याने मागितले नाही म्हणून शेजाऱ्याची काळजी घ्यावयाची नाही, असे ख्रिस्ती मनुष्य म्हणू शकत नाही.

या उणिवेचा भार पडला तो गरिबांवर. स्वस्त म्हणून घेतलेली ही गाडी कित्येकांची रोजीरोटी होती. ती गेली की कामावर जाण्याचे साधनच गेले. काही विमा कंपन्यांनी तर काही शहरांत अशा गाड्यांचा नवा विमा उतरविणेच थांबविले.

याहूनही मोठी हानी माणसांची. ऑक्टोबर २०२२ मध्ये बफेलो शहरी चोरीची किया मोटार आदळून १४ ते १९ वर्षे वयाची चार मुले मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेचा संबंध त्या खेळाशी असावा, असा संशय पोलिसांनी व्यक्त केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याने अशा चोऱ्यांशी निगडित किमान १४ अपघात व आठ मृत्यू नोंदविले. त्याच सुमारास सुमारे ८३ लाख मोटारींतील संगणकीय व्यवस्था विनामूल्य सुधारण्याचे काम कंपन्यांनी हाती घेतले. सुकाणूचक्राला लावावयाची कुलपेही पोलिसांमार्फत वाटण्यात आली. सुधारणा केलेल्या गाड्यांच्या चोऱ्या निम्म्याहून अधिक घटल्या, असे पुढे विमा क्षेत्रातील एका संस्थेस आढळले.

कुलूप हवेच. परंतु कुलूप मोटारीला लावता येते, मनाला नव्हे. चोरीचा निषेध करणारी सातवी आज्ञा आमच्या मुलांना तोंडपाठ असते. पण ‘सगळेच करतात, ही केवळ गंमत’ असे सोबती म्हणू लागले की ती आज्ञा ओठांवरच राहते. टिकटॉक आपल्या देशात २०२० पासून बंद आहे. तथापि वाहवेची भूक बंद झालेली नाही आणि ती भागविणारी दुसरी साधने घरोघरी मुलांच्या हाती आहेत.

म्हणून पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मुलाच्या हातातील यंत्र हिसकावून घेण्यापूर्वी त्यात तो काय पाहतो, ते त्याच्याजवळ बसून पाहा. रात्रीच्या जेवणानंतर, कौटुंबिक प्रार्थनेआधी दहा मिनिटे त्याच्या मित्रांविषयी त्याच्याशी बोला. घरी दोन कौतुकाचे शब्द मिळाले, तर तो ते परक्यांच्या दारी शोधीत जाणार नाही. आणि हातून चूक घडलीच, तर ती सांगण्यासाठी आपल्या घराचे दार उघडे आहे, एवढा भरवसा त्याला असू द्या.

नाशपाती चोरणाऱ्या त्या मुलाला पश्चात्तापासाठी पुढे जवळजवळ साठ वर्षे लाभली आणि तो संतपदाला पोहोचला. बफेलोच्या त्या चार मुलांना तेवढी सवड मिळाली नाही.