सिम८००एलची आरआय पिन मोकळी सोडू नका!

मोडेमला सतत ‘मेसेज आला का?’ विचारत बसणारं अर्दुइनो स्केच पाहिलं की मला राहवत नाही. सिम८००एलमध्ये या कामासाठी आरआय ही खास पिन आहे! एरवी ती हाय असते. कॉल आला की लो होते आणि तो उचलेपर्यंत किंवा कट होईपर्यंत लोच राहते. एसएमएस आला तर मात्र जेमतेम १२० मिलिसेकंद. लूपमध्ये डिले असेल तर एवढीशी पल्स सहज निसटते. इंटरप्ट ती पकडतो.

उनोवर त्यासाठी पिन २ किंवा ३ घ्या. पण थेट वायर नको. मोडेमचा हाय सिग्नल साधारण २.८ व्होल्टचा, आणि ५ व्होल्टवरच्या एटमेगा३२८पीला खात्रीने हाय कळायला ३ व्होल्ट लागतात. मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर टाका: बेसला रेझिस्टर, कलेक्टरला पुल-अप. सिग्नल उलटतो, म्हणून कोडमध्ये ‘फॉलिंग’ऐवजी ‘रायझिंग’.

आयएसआरमध्ये फक्त एक व्होलाटाइल फ्लॅग लावा. सिरियल स्वतःच इंटरप्टवर चालतं, त्यामुळे एटी कमांड लूपमधूनच पाठवा.

आणि हो, ग्राउंड कॉमन ठेवा. मोडेमला ३.४ ते ४.४ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्या. ट्रान्समिट करताना तो २ अँपिअरपर्यंत करंट खेचतो.